हिरडा आणि बाभूळ : बोकडाचे कातडे घरी कमावण्याच्या नोंदी

२७ नोव्हेंबर

बोकडाचे एक कच्चे कातडे घरी, केवळ वनस्पतीच्या, म्हणजे हिरड्याच्या फळाच्या आणि बाभळीच्या सालीच्या, तुरटपणावर कमावून त्यातून पुस्तकबांधणीचे चामडे मिळवायचे, असे या हिवाळ्यात ठरवले आहे. घरात आजेसासूबाईंच्या हस्ताक्षरातील ओव्यांची एक जाड वही आहे. तिची शिवण अजून मजबूत आहे, परंतु पाठ पूर्ण गळून गेली आहे. तिला नवी पाठ आणि नवे कोपरे हवे आहेत, आणि ते चामडे पुढची शंभर वर्षे टिकावे अशी माझी इच्छा आहे. बाजारात मिळणारे शेळी-बोकडाचे बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. पिशव्यांसाठी आणि जोड्यांसाठी ते उत्तम असते, पण ओले करून वळवले तर दिलेला आकार ते धरून ठेवत नाही आणि कडा रापीने कागदासारख्या पातळ करायला त्रास देते.

हरणाचे कातडे का नाही, असे दोघातिघांनी विचारले, म्हणून त्याचे उत्तर येथेच नोंदवते. अमेरिकेत जेथे हरणाची शिकार परवान्याने करता येते, तेथे लोक घरोघरी हरणाची कातडी कमावतात. त्यांची जुनी पद्धत अशी की कातड्याचा वरचा दाणेदार थर खरवडून काढायचा, प्राण्याचाच मेंदू पाण्यात कालवून त्यातील स्निग्धांश कातड्यात मुरवायचा आणि शेवटी लाकडाच्या धुरावर ते धरायचे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, काळवीट या सर्वांना संरक्षण दिले आहे. कातडे कमावणे तर दूरच, मालकीच्या प्रमाणपत्राशिवाय जुने मृगाजिन घरात बाळगणे हाही गुन्हा आहे, आणि तो तसा असणे मला पूर्णपणे योग्य वाटते. शिवाय पुस्तकासाठी वरचा दाणेदार थर शाबूत लागतो, म्हणून धुराची ती पद्धत माझ्या कामाची नाही. पुस्तकबांधणीसाठी बोकडाच्या कातड्याला शतकानुशतके पहिली पसंती मिळत आली आहे, कारण ते पातळ असूनही त्याचे तंतू घट्ट विणलेले असतात.

मार्गदर्शनासाठी सातारा जिल्ह्यातील एक वयोवृद्ध कारागीर लाभले आहेत. ते आता पुण्यात मुलाकडे राहतात, आणि त्यांना सर्व जण आबा म्हणतात. ढोर-कक्कय्या समाजातील त्यांच्या घराण्यात कातडी कमावण्याचे काम पिढ्यान् पिढ्या चालत होते. शेताला पाणी देणारी मोट, पाणक्याची पखाल, तेलाचे बुधले, पायातील वहाणा, हे सारे ज्यांच्या हातून गावाला मिळाले, त्याच लोकांना गावाने वेशीबाहेर ठेवले. मी आज हे काम हौसेने करू शकते, माझ्या अंगणातील वासाबद्दल शेजारी हसून बोलतात आणि विषय तेथे संपतो. आबांच्या वडिलांना हे कधीच मिळाले नाही, याची जाणीव ठेवूनच मी त्यांच्यापुढे शिकायला बसले आहे.

२९ नोव्हेंबर

सकाळी नेहमीच्या मटणवाल्यांकडून उस्मानाबादी जातीच्या काळ्या बोकडाचे ताजे कातडे घेतले. कातडे सोलताना सुरीचा एकही कट लागू नये, असे त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते. आतल्या बाजूने लागलेला बारीकसा कट कच्च्या कातड्यात दिसत नाही, पण कमावल्यानंतर ताणले की तो उघडा पडतो. कान, शेपटीचे टोक आणि चरबीचे गोळे कापून, रक्त गार पाण्याने धुऊन, पाणी निथळल्यावर वजन केले, ते १ किलो ८०० ग्रॅम भरले.

त्याला लगेच ८०० ग्रॅम जाडे मीठ लावले, म्हणजे कातड्याच्या वजनाच्या जवळजवळ ४५ टक्के. प्राणी मेल्यावर काही तासांतच जिवाणू कातड्यात शिरतात आणि केसांच्या मुळाशी कुजण्याची क्रिया सुरू होते. मीठ कातड्यातील पाणी ओढून घेते आणि ती क्रिया थांबते. एक फळी उतरती मांडून तिच्यावर केस खाली आणि मांसाची बाजू वर असे कातडे पसरले. सुटणारे खारे पाणी बादलीत धरले आहे. ते झाडांना घालायचे नाही, कारण मिठाने माती नासते.

पुण्यातील हिवाळा या कामाला फार अनुकूल असतो. रात्री गारवा असतो, दिवसा हवा कोरडी असते, आणि टबातील पाण्याचे तापमान सध्या २० अंशांच्या आसपास राहते. हेच काम मे महिन्यात करायचे म्हटले असते, तर प्रत्येक टप्प्यावर जिवाणूंशी शर्यत लागली असती.

६ डिसेंबर

मीठ झटकून कातडे गार पाण्यात टाकले. पहिले दोन तास पाणी बदलत राहिले, आणि नंतर कातडे रात्रभर तसेच ठेवले. सकाळी ते पुन्हा ताज्या कातड्याइतके लुसलुशीत झाले होते. दुमडल्यावर कोठेही ताठ घडी राहत नाही, हीच भिजवणे पुरे झाल्याची खूण. एक दिवसापेक्षा जास्त काळ साध्या पाण्यात ठेवणे धोक्याचे आहे.

त्यानंतर मांसाची बाजू खरवडली. जाड प्लॅस्टिकच्या नळाचा अर्धगोल तुकडा टेबलाच्या कडेला तिरका बांधला, कातडे त्यावर टाकले आणि दोन्ही हातांनी धरायच्या बोथट पात्याने चरबी, मांसाचे तंतू आणि पातळ पापुद्रा ढकलून काढला. मुद्दाम बोथट पाते वापरण्याचे कारण असे की येथे थर कापायचा नसून सोलायचा असतो. हा पापुद्रा जेथे राहील तेथे पुढे चुनाही नीट शिरत नाही आणि हिरडाही नाही, म्हणून सारी दुपार त्यासाठी दिली.

७ डिसेंबर

कातडे चुन्यात घातले. मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात २० लिटर पाणी आणि १ किलो विझवलेला चुना घेतला. कळीचा चुना घरी विझवताना पाणी उकळून उसळते, म्हणून विझवलेल्या चुन्याची पूड विकत आणणे उत्तम. हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय या टबाजवळ जायचे नाही.

चुन्याचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. तो पाण्यात अगदी थोडा विरघळतो, लिटरला दोन ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे माझ्या किलोभर चुन्यापैकी एका वेळी जेमतेम ३०-३५ ग्रॅम विरघळलेला आहे, आणि बाकीचा तळाशी साठा म्हणून बसला आहे. कातडे जसजसा चुना ओढून घेते, तसतसा तळातला विरघळत जातो. पाण्याचा सामू (पीएच) साडेबाराच्या आसपास स्थिर राहतो, त्याच्या वर जातच नाही. कॉस्टिक सोड्याने काही तासांत कातडे नासू शकते, तर चुना मात्र स्वतःच्या मर्यादेत राहतो. म्हणूनच रोज सकाळ-संध्याकाळ काठीने तळ ढवळणे आणि कातडे वरखाली करणे आवश्यक आहे.

कारखान्यांत केस लवकर सुटावेत म्हणून चुन्यासोबत सोडियम सल्फाइड वापरतात, आणि त्याने एका दिवसात काम होते. त्या पाण्यात आम्ल मिसळले गेले तर हायड्रोजन सल्फाइड हा प्राणघातक वायू सुटतो. घरातील अंगणात त्याला जागा नाही. मला घाईही नाही.

११ डिसेंबर

कातडे फुगून जाड आणि रबरासारखे झाले आहे. पोटाकडील केस थोडे सुटू लागले आहेत, मानेकडील घट्ट आहेत. आबा पाहायला आले आणि म्हणाले, “ताई, नव्या चुन्याला वेळ लागतोच. आमच्या कुंडात जुनं पाणी थोडं राखून ठेवायचो, त्यात नवं घातलं की केस लवकर सुटायचे.” त्यामागचे कारण असे की वापरलेल्या चुन्याच्या पाण्यात केसांतून विरघळलेली गंधकयुक्त द्रव्ये आणि काही जिवाणू असतात, आणि ती दोन्ही केसाच्या मुळांवर काम करतात. मी आबांचा सल्ला ऐकून थोडे जुने पाणी बाटलीत भरून पुढच्या वेळेसाठी ठेवणार आहे.

१६ डिसेंबर

मानेवरचे केसही आज अंगठ्याने ढकलताच सरकले. कातडे पुन्हा नळाच्या तुकड्यावर टाकून केस खाली ढकलत काढले. केस प्रामुख्याने केराटिनचे असतात, आणि या केराटिनला घट्ट बांधून ठेवणारे गंधकाचे बंध चुन्यात तुटतात. कातड्यातील कोलॅजेनचे तंतू मात्र तग धरतात आणि केवळ सैल होतात. कातडे कमावण्याचा सारा पूर्वार्ध या फरकावर उभा आहे.

केस गेल्यावरही काळ्या बोकडाच्या कातड्यात केसांच्या मुळांचे तुकडे आणि काळा रंग उरतो. तो बोथट पात्याने पुन्हा पुन्हा दाबून बाहेर काढावा लागतो. राखाडी, चिकट मळ छिद्रांतून वर येताना दिसतो. हे काम चिकाटीने केले तरच पुढे हिरड्याचा फिकट रंग स्वच्छ येतो. नंतर कातडे ताज्या चुन्यात आणखी दोन दिवस ठेवले, म्हणजे तंतूंच्या जुड्या मोकळ्या होतील आणि आतपर्यंत वाट तयार होईल.

काढलेले केस धुऊन खताच्या खड्ड्यात घातले. त्यांत नत्र भरपूर असते, आणि ते हळूहळू कुजतात.

१९ डिसेंबर

आता कातड्यातील चुना पूर्ण बाहेर काढणे हे काम. चुना आत राहिला तर तुरट द्रव्याशी त्याचा संयोग होऊन काळपट डाग पडतात आणि वरचा थर ठिसूळ होतो. कारखान्यांत यासाठी अमोनियम सल्फेट वापरतात. मी जुनी, गव्हाच्या कोंड्याची पद्धत घेतली. १० लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो कोंडा कालवून टबाला गोणपाट गुंडाळून तो रात्रभर ठेवला. सकाळी त्यावर फेस होता आणि आंबूस वास येत होता. सामू पाचच्या आसपास आला होता. आंबण्यातून तयार झालेली सौम्य आम्ले चुना विरघळवतात, आणि सुटणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांनी कातडे हलके होऊन वर तरंगू लागते. वर आले की खाली दाबायचे, एवढेच काम दिवसभर होते.

चुना गेला की नाही, हे अंदाजावर सोडले नाही. मानेकडचा जाड भाग थोडासा कापून, कापलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकला. प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात त्याची छोटी बाटली मिळते. दुपारी मधोमध बारीक गुलाबी रेघ उमटली, म्हणजे आत अजून चुना होता. संध्याकाळी रेघ उमटली नाही. आबांनी बाटलीकडे पाहिलेही नाही. त्यांनी कातड्यावर अंगठा दाबला, आणि ठसा तसाच राहिलेला पाहून “झालं” म्हणाले. दोन्ही कसोट्यांचा निकाल एकाच वेळी एकच आला, याचा मला मनापासून आनंद झाला.

पूर्वी जगभर या टप्प्यावर कबुतरांची किंवा कुत्र्यांची विष्ठा वापरत असत, कारण तिच्यातील पाचक द्रव्ये कातडे मऊ करतात. जर्मनीतील ओटो रोम या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ च्या सुमारास प्राण्यांच्या स्वादुपिंडातील पाचक द्रव्य त्याऐवजी वापरून दाखवले, आणि कामगारांची त्या घाणीतून सुटका झाली. पातळ कातड्याला कोंड्याचे पाणी पुरेसे आहे.

२१ डिसेंबर

आज कातडे कण्याच्या रेषेवर मधोमध कापून दोन अर्धे केले. डावा अर्धा हिरड्यात, उजवा बाभळीच्या सालीत. एकाच जनावराचे, एकाच चुन्यातून गेलेले कातडे असल्यामुळे पुढे जो फरक दिसेल तो केवळ तुरट द्रव्याचा असेल.

ही तुलना करण्यामागे कारण आहे. युरोपातील एकोणिसाव्या शतकातील चामडी बांधणीची असंख्य पुस्तके आज हातात घेतली की तळव्याला तांबडी भुकटी लागते. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथालयांतील इंग्रजी पुस्तकांच्या पाठीही तशाच झडताना दिसतात. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीने विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नाचा अभ्यास केला. सर्व वनस्पतींचा तुरटपणा सारखा टिकाऊ नसतो, असे त्या अभ्यासातून दिसले. पाण्यात विघटित होऊ शकणाऱ्या जातीच्या टॅनिनने, म्हणजे वनस्पतीतील तुरट द्रव्याने, कमावलेले चामडे जास्त टिकते, तर सालींमध्ये सापडणाऱ्या घट्ट सांधलेल्या जातीच्या टॅनिनचे चामडे हवेतील गंधकाचे वायू शोषून घेते, त्यातून गंधकाम्ल तयार होते आणि चामडे आतून जळत जाते. हिरडा पहिल्या जातीचा आहे, बाभूळ दुसऱ्या. आपल्या पोथ्या लाकडी फळ्यांत आणि कापडी रुमालात बांधलेल्या असत, त्यामुळे चामडी पाठीचा प्रश्न आपल्याकडे छापील पुस्तकांसोबतच आला. परंतु त्याचे एक चांगले उत्तर भीमाशंकरच्या डोंगरात झाडावर लागते, ही गोष्ट पुण्यातील बांधणीकारांनी जरूर लक्षात घ्यावी असे मला वाटते.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील आदिवासी कुटुंबांसाठी हिरडा हे उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन आहे. तेथून औषधासाठी प्रामुख्याने बाळहिरडा, म्हणजे कोवळे, काळे पडलेले फळ येते. कातड्यासाठी लागतो तो पूर्ण वाढलेला, पिवळसर, सुरकुतलेला रंगारी हिरडा. तो रविवार पेठेतील काष्ठौषधींच्या दुकानात मिळाला. बत्त्याने फोडून बी वेगळी केली, कारण टॅनिन गरात असते आणि बीमध्ये ते नाममात्र असते. गरात साधारण ३० टक्क्यांच्या आसपास टॅनिन धरले, आणि कातड्याच्या या अर्ध्यासाठी सव्वा किलो गर तयार ठेवला. बाभळीच्या सालीत टॅनिन त्याच्या निम्म्याच्या आसपास असते, म्हणून साल दुप्पट घेतली. ती दौंड तालुक्यात एका परिचितांच्या बांधावर छाटलेल्या बाभळीची आहे.

दोन्ही वेगवेगळ्या स्टीलच्या पातेल्यांत ६० अंशांच्या आसपास गरम पाण्यात भिजवले, उकळी येऊ दिली नाही. जास्त उष्णतेने द्रावण गडद होते आणि टॅनिनचा काही भाग वाया जातो. लोखंडाला या टप्प्यापासून पूर्ण बंदी आहे. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की निळा-काळा रंग तयार होतो, आणि तो जात नाही. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांपासून जुन्या काळी लिहिण्याची शाई करत, ती याच क्रियेवर. शाईत जे हवे तेच चामड्यावर डाग होऊन बसते, म्हणून लोखंडी खिळा, लोखंडी बादली आणि लोहयुक्त बोअरचे पाणी, तिन्ही दूर ठेवले आहेत. महापालिकेच्या नळाला येणारे खडकवासल्याचे पाणी या कामाला चांगले चालते.

सुरुवातीचे द्रावण मुद्दाम अगदी सौम्य ठेवले, घनता (पाण्याची १.००० धरून) १.००८. दुधासाठीच्या अंशांकित लॅक्टोमीटरवरचे अंश याच हिशेबाचे असतात, म्हणजे १.०२० घनतेला २० अंश. पण तो सहसा १५ अंशांखाली वाचता येत नाही, म्हणून १.००० पासून सुरू होणारा साधा हायड्रोमीटर घेतला. सौम्यपणे सुरू करणे का आवश्यक आहे, तर टॅनिनचे रेणू मोठे असतात आणि कोलॅजेनला भेटताच त्याला चिकटतात. पहिल्याच दिवशी दाट द्रावण दिले, तर पृष्ठभागावरचे तंतू गच्च भरून बंद होतात, आतले कातडे कच्चेच राहते आणि वरची बाजू आवळून तडकते. खालचा भाग कमावला जाईपर्यंत वरच्या भागाची भूक पूर्ण भागवायची नाही, अशी ही शिस्त आहे.

२४ डिसेंबर

पहिल्या दिवशी दोन्ही अर्धे सतत हलवत राहिले, कारण स्थिर राहिल्यास घड्यांच्या जागी रंग लागत नाही. आज हिरड्याच्या टबात घनता १.००८ वरून जवळजवळ पाण्याइतकी उतरली होती. कातड्याने टॅनिन ओढून घेतल्याचा हा सरळ पुरावा. दोन्ही टबांत ताजे द्रावण घालून घनता १.०१२ केली. हिरड्याचा अर्धा फिकट पिवळा, बाभळीचा तांबूस झाला आहे.

३० डिसेंबर

घनता १.०१८. हिरड्याच्या टबावर पांढरी साय आली होती, ती काढून टाकली. हिरड्यात साखर असते, त्यामुळे द्रावण आंबते आणि त्यातून सौम्य आम्ले तयार होतात. पट्टीवर सामू साडेतीन आला. बाभळीचे द्रावण पाचाजवळ आहे. हे आंबणे उपकारक आहे, कारण थोड्या आम्लतेत टॅनिन तंतूंना अधिक घट्ट धरते.

मानेकडील तुकडा तिरका कापून पाहिला. दोन्ही बाजूंनी रंग आत आला आहे, मधोमध पांढरी रेघ शिल्लक आहे. बाभळीच्या अर्ध्यात ती अधिक बारीक दिसते.

५ जानेवारी

आज आबांनी कोल्हापुरी वहाणांच्या चामड्याची जुनी रीत सविस्तर सांगितली. मोठे कातडे पिशवीसारखे शिवायचे, त्यात बाभळीच्या सालीचे आणि हिरड्याचे तुकडे आणि पाणी भरायचे, आणि ती फुगलेली पिशवी तिवईला टांगायची. पाणी स्वतःच्या वजनाने कातड्यातून झिरपत खाली येते, ते गोळा करून पुन्हा वरून ओतायचे. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे वरचा भागही तितकाच मुरतो. टबात टॅनिन स्वतःच्या गतीने आत शिरते, तर पिशवीत पाण्याचा दाब ते ढकलतो. कोणतेही यंत्र न वापरता वेळ वाचवणारी ही युक्ती मला अत्यंत बुद्धिमान वाटते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. त्या चपलेची ख्याती तिच्या वेण्यांसाठी आणि गोंड्यांसाठी आहे, पण ती पायाला न चावता मुरत जाते, याचे श्रेय या टांगलेल्या पिशवीला आहे.

तरवडाच्या सालीबद्दलही बोलणे झाले. पुण्याच्या आसपासच्या कोरड्या माळांवर पिवळ्या फुलांनी डवरणारे हे झुडूप दक्षिणेत कातडी कमावण्यासाठी प्रसिद्ध होते, आणि मद्रासकडून परदेशी जाणारी शेळ्या-मेंढ्यांची कातडी पुष्कळ अंशी त्याच सालीत कमावलेली असत.

आजची घनता १.०२५.

१३ जानेवारी

दोन्ही अर्ध्यांचा छेद आता आरपार एकसारखा दिसतो. डोळ्यांवर विसंबून न राहता अगदी पातळ काप तीव्र अॅसेटिक आम्लात टाकून पाहिले. कच्चा भाग त्यात फुगून पारदर्शक होतो, कमावलेला तसाच राहतो. बाभळीचा काप पूर्ण अपारदर्शक राहिला. हिरड्याच्या कापात मधोमध केसाएवढी पारदर्शक रेघ दिसली, म्हणून तो अर्धा १.०३० च्या द्रावणात आणखी ठेवला. बाभळीचा बाहेर काढून धुतला.

१८ जानेवारी

हिरड्याचा अर्धाही आता पूर्ण कमावला गेला आहे. त्याच्या पृष्ठभागावर फिकट पिवळी पूड बसली होती. हिरड्यातील टॅनिन विघटित होऊन एलॅजिक आम्ल तयार होते, ते ही पूड. नायलॉनच्या मऊ कुंचल्याने आणि पाण्याने ती घासून काढली.

त्यानंतर कसोटीची वेळ. दोन्ही अर्ध्यांच्या बारीक पट्ट्या आणि १९ डिसेंबरला सुकवून ठेवलेली कच्च्या कातड्याची पुन्हा भिजवलेली पट्टी, अशा तिन्ही थर्मामीटरसोबत पाण्यात सोडून पाणी हळूहळू तापवले. कच्ची पट्टी ६१ अंशांना एकदम आकसून गुंडाळली गेली. हिरड्याची ७५ ला, बाभळीची ८१ ला आकसली. क्रोमियमचे चामडे उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. तेवढी उष्णता सोसणे वहीच्या पाठीला कधीच आवश्यक नसते, त्यामुळे ७५ अंशांवर मी समाधानी आहे.

ओलसर असतानाच दोन्हींच्या वरच्या बाजूला एरंडेलाचा अगदी पातळ हात दिला. तेल न लावता सुकवले, तर पाण्याबरोबर सैल टॅनिन पृष्ठभागावर येऊन साचते आणि तेथे काळपट, ठिसूळ पट्टे पडतात. करडई किंवा जवसाचे तेल वापरायचे नाही, कारण ती हवेत सुकून कडक होतात. एरंडेल सुकत नाही. नंतर दोन्ही अर्धे सावलीत टांगले.

२२ जानेवारी

सुकत आलेले चामडे फळीच्या गोलसर कडेवरून मागेपुढे ओढून मऊ केले. हे काम ओलावा जवळजवळ जात असताना, त्या अर्ध्या दिवसात करावे लागते. पूर्ण सुकल्यावर तंतू एकमेकांना चिकटून बसतात, आणि मग बळ लावावे लागते. बाभळीचा अर्धा तांबूस तपकिरी, भरीव आणि थोडा ताठ आहे. हिरड्याचा बदामी, मऊ आणि हाताला रेशमी लागतो. बोकडाच्या कातड्याचा बारीक दाणा दोन्हींवर स्पष्ट उठला आहे. कण्याजवळ जाडी हिरड्याची १.१ मिलिमीटर, बाभळीची १.३.

उरलेल्या पाण्यांची व्यवस्था याच आठवड्यात केली. चुन्याचा गाळ बसू देऊन वरचे पाणी कोंड्याच्या आंबट पाण्यात मिसळले आणि सामू पट्टीवर सातच्या आसपास आल्यावरच ते थोडे थोडे सोडले. गाळ सुकवून अंगणाच्या भिंतीच्या चुन्यात मिसळला. हिरड्याचा चोथा खताच्या खड्ड्यात गेला.

२९ जानेवारी

वहीच्या पाठीसाठी हिरड्याच्या अर्ध्यातील कण्यालगतची पट्टी कापली, कारण पोटाकडील भाग ताणला जातो आणि पाठ कालांतराने सैल पडते. रापीने कडा पातळ केल्या. क्रोमियमच्या चामड्यावर पाते जसे अडखळते, तसे येथे कोठेही झाले नाही, थर सरळ निघत गेले. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ वापरली. बांधणीकार खळीला बुरशी लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. ते मी घातले नाही, कारण तांब्याचे क्षारही लोखंडाप्रमाणेच वनस्पतीने कमावलेल्या चामड्याच्या क्षयाला हातभार लावतात. खळ रोज ताजी करणे मला अधिक पसंत आहे.

बाभळीचा अर्धा आबांना दिला. त्यातून नातवासाठी वहाणांचे पट्टे काढणार असल्याचे त्यांनी सांगितले. तत्पूर्वी दोन्ही अर्ध्यांचे चार चार बोटांचे तुकडे कापून ठेवले आहेत. एक जोडी कपाटात अंधारात आणि दुसरी रस्त्याकडच्या खिडकीत, जेथे दिवसभर ऊन आणि वाहनांचा धूर दोन्ही येतात. दर सहा महिन्यांनी त्यांची लवचिकता, रंग आणि सामू येथेच नोंदवायचा आहे. पहिली नोंद जुलैच्या अखेरीस.